उंट बांधला होता का?

सफरीला निघताना दुआ पढायची, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना बिस्मिल्लाह म्हणायचे आणि एकदा निघाले की मागचा घोर करायचा नाही, अशी आमच्या घरची जुनी रीत. कोकणातून मुंबईला निघालो तरी हेच आणि उमऱ्याला निघालो तरी हेच. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तिथल्या वाळवंटातल्या एका सफरीत ध्यानात आले की या रीतीचा अर्धाच भाग आम्ही आजवर पाळत आलो होतो. तीच हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

मुलगा ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात नोकरीला आहे. मोटरसायकलचा नाद त्याला कॉलेजपासूनचा. तिकडे त्याच्याकडे माती-वाळूत चालवायची उंच, हलकी मोटरसायकल आहे. ती डांबरी रस्त्यावर चालवायची नसते, म्हणून वाळवंटापर्यंत वाहून न्यावी लागते. त्यासाठी तिकडे एक खास फिरते घर मिळते. त्याला ‘टॉय हॉलर’ म्हणतात, म्हणजे खेळणी वाहून नेणारा. मोठ्या माणसांच्या असल्या गाड्यांना तिकडे गमतीने खेळणीच म्हणतात.

पिकअप गाडीच्या मागे जोडायचा हा लांबलचक ट्रेलर. पुढच्या भागात पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळे आटोपशीर. मागचा भाग मोकळा, गॅरेजसारखा. मागची अख्खी भिंत बिजागरीवर खाली उतरते आणि तिचाच चढ तयार होतो. त्यावरून मोटरसायकल आत न्यायची, जमिनीला बांधायची आणि भिंत पुन्हा उचलून बंद करायची. मुक्कामाला पोचल्यावर गाडी बाहेर काढली की भिंतीला दुमडलेले बाक खाली येतात, छताजवळचा पलंग उतरतो आणि त्याच जागेची निजायची खोली होते. त्या पलंगावर निजायचे म्हणून नातू महिनाभर दिवस मोजत होता.

जायचे होते क्वार्टझसाइटला. फिनिक्सच्या पश्चिमेला सुमारे १२५ मैलांवर, म्हणजे २०० किलोमीटरवर हे छोटे गाव आहे. उन्हाळ्यात तिथे आग ओतते आणि चिटपाखरू दिसत नाही. हिवाळ्यात मात्र थंड प्रदेशांतली हजारो माणसे आपापली फिरती घरे घेऊन तिथल्या सरकारी माळावर उतरतात. रंगीत दगडांचा, खनिजांचा मोठा बाजार भरतो. पण आम्हाला ओढ होती ती वेगळ्याच कारणाने. मुलाने सांगितले होते, ‘‘अम्मी, तिथं एका हाजी अलींची कबर आहे.’’ हाजी अली म्हटले की आपल्याला वरळीच्या समुद्रातला दर्गा आठवतो. हे हाजी अली दुसरेच, उंटवाले. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

शनिवारी सकाळी निघायचे, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मुलाने गाडी चढवायला घेतली. आम्ही हाताशी होतोच. ट्रेलरच्या जमिनीत ठिकठिकाणी लोखंडी कड्या बसवलेल्या असतात, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या. त्या नुसत्या फळीला नव्हे, खालच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेल्या असाव्या लागतात. पुढे एक लोखंडी खाच असते, तिच्यात पुढचे चाक रुतवून बसवायचे. मग हँडलपासून दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोन पट्टे आणि मागून दोन, असे चार पट्टे. पट्ट्याला खटक्याचे चाक असते. दांडा खालीवर केला की पट्टा आवळत जातो आणि दात अडकल्याने मागे सरत नाही.

मुलगा उजवी बाजू आवळत होता. तेवढ्यात सूनबाईने आतून हाक मारली, तो गेला. डावा पट्टा राहिला होता. आम्ही दोघांनी तो पुरा करायचे ठरवले. एकाने हँडल धरले, दुसरीने मऊ कापडी फास हँडलला घातला, त्यात हूक अडकवला आणि खटका आवळला. फास आम्ही घातला तो मुठीजवळ, हँडलच्या टोकाला, कारण तिथे हात सहज पोचत होता. रत्नागिरीत टेम्पोत माल चढवताना, बांधताना जन्म गेला, त्यामुळे आपल्याला कळते अशी खात्री होती. मुलगा परत आला, त्याने पट्ट्यावर थाप मारून पाहिली, पट्टा वाजला. अंधार पडला होता. ‘‘झालं,’’ तो म्हणाला आणि भिंत उचलून लावली.

सकाळी आणखी एक गोष्ट झाली. फिनिक्समधल्या हलाल दुकानातून आणलेले मटण फ्रिजमध्ये ठेवले होते. हा फ्रिज वीज नसली की गॅसच्या ज्योतीवर चालतो. मुलगा निघण्याआधी गॅस बंद करायला गेला. आम्ही अडवले. ‘‘मटण खराब होईल. इतक्या लांबून आणलंय.’’ तो म्हणाला, ‘‘अब्बा, दोन-अडीच तासांची तर वाट आहे, बंद फ्रिज तेवढा वेळ थंड राहतो. मागं पेट्रोलची गाडी आहे.’’ आम्ही पुन्हा म्हटले, तेव्हा तो काही बोलला नाही. गॅस चालू राहिला.

दुआ पढून निघालो. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचे नसते, सगळे पुढे पिकअपमध्ये. शहर मागे पडले. दोन्ही बाजूंना खडकाळ डोंगर आणि मधून मधून हात वर केलेल्या माणसांसारखे उंच साग्वारो निवडुंग. पंधरा-वीस मैलांवर मुलाने गाडी हळू केली. ‘‘पुढच्या वळणावर थांबून पट्टे बघतो,’’ तो म्हणाला. मालवाहू ट्रकच्या चालकांना अमेरिकेत तसा नियमच आहे. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून माल तपासायचा, नंतर दर ३ तासांनी किंवा १५० मैलांनी, जे आधी येईल ते. घरगुती ट्रेलरला अशी सक्ती नाही, पण तो स्वतःहून पाळतो.

आम्हाला घाई होती. जोहरची नमाज क्वार्टझसाइटला पोचून, निवांत पढावी असे मनात होते. आम्ही म्हटले, ‘‘काल दोनदा आवळलंय, दुआ पढून निघालोय. अल्लाहवर भरवसा ठेव आणि चल.’’ त्याने आरशातून आमच्याकडे पाहिले आणि गाडी पुढे काढली. मुलाने आईबापाचा शब्द राखला. एरवी याचे आम्हाला समाधान वाटले असते.

टोनोपा नावाचे ठिकाण फिनिक्सपासून सुमारे ५० मैलांवर आहे. तिथे डिझेल भरायला वळलो. पंपाजवळ जाण्याआधी ट्रेलरमधली गॅसची ज्योत विझवावी लागते. म्हणून मुलाने पंपापासून बरेच लांब, मोकळ्या आवाराच्या कडेला गाडी उभी केली आणि पुढच्या दांड्यावरच्या सिलिंडरचा कॉक बंद केला. मग ट्रेलरचे बाजूचे दार उघडले आणि तसाच मागे सरला. पेट्रोलचा भपकारा आमच्यापर्यंत आला.

आम्ही उतरून दारापाशी गेलो. वास बाहेर काढावा म्हणून आमच्यातल्या एकाचा हात आतल्या पंख्याच्या बटणाकडे गेला. मुलगा ओरडला, ‘‘हात लावू नका!’’ चाळीस वर्षांत तो आमच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. हात जागच्या जागी थिजला. बटण दाबताना उडालेली एवढीशी ठिणगीही अशा वाफेला पुरते, हे त्याने नंतर सांगितले. सूनबाई नातवाला घेऊन आवाराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मुलाने दार सताड उघडे ठेवले, बाहेरून मागची भिंत खाली उतरवली आणि आम्ही सगळे लांब झालो.

लांबूनच दिसले. मोटरसायकल उजवीकडे कलंडून कपाटाला टेकली होती. डावा पट्टा जमिनीवर सैल लोळत होता. रस्त्याच्या हादऱ्यांनी पुढचे शॉकअप दबत-उठत राहिले. दर वेळी पट्टा क्षणभर ढिला पडत गेला आणि मुठीजवळचा फास सरकत सरकत हँडलच्या टोकावरून निसटला. मग उजव्या पट्ट्याने गाडी आपल्याकडे ओढून घेतली. टाकी काठोकाठ भरलेली, त्यामुळे झाकणावरच्या हवेच्या नळीतून पेट्रोल ठिबकत होते. आणि त्याच छताखाली, आमच्या हट्टाने, पन्नास मैल एक ज्योत जळत होती.

कुणी काही बोलले नाही. मुलाने एक शब्दही सुनावला नाही, हे जास्त जड गेले. ‘‘फास आम्ही घातला होता,’’ आम्ही म्हटले. तो म्हणाला, ‘‘मी टॉर्च लावून बघायला पाहिजे होतं. अन् मघाशी थांबायला पाहिजे होतं.’’ थांबू नको असे सांगणारे आम्हीच होतो, ते त्याने काढले नाही.

बराच वेळ वारा खेळू दिला. गाडी बाहेर काढली. सांडलेल्या पेट्रोलवर कोरडी वाळू टाकून ती उचलली, फडक्याने जमीन पुसली आणि ते फडके झाकणाच्या डब्यात घालून बाहेर ठेवले. मग पुन्हा बांधायला सुरुवात झाली. या वेळी आम्ही विद्यार्थी होतो. मुलगा एकेक गोष्ट सांगत गेला, ती इथे नोंदवून ठेवतो.

फास मुठीपाशी घालायचा नाही. हँडल जिथे शॉकअपच्या जोडाला मिळते, त्या मधल्या मजबूत जागी घालायचा. ब्रेकची नळी, क्लचची वायर पट्ट्याखाली दबू द्यायची नाही. पट्टे वरून खाली आणि बाहेरच्या दिशेला तिरके, साधारण ४५ अंशांत यावेत. दोन्ही बाजू आळीपाळीने, थोड्या थोड्या आवळायच्या, म्हणजे गाडी सरळ उभी राहते आणि ताण सारखा येतो. पुढचे शॉकअप निम्म्याच्या आसपास दबले की थांबायचे. पुरते दाबले तर त्यांच्या आतली रबरी सीले खराब होण्याचा धोका, आणि फार कमी दाबले तर हादऱ्यात पट्टा ढिला पडणार. मागचे दोन पट्टे गाडीचा मागचा भाग उडू नये, बाजूला सरकू नये यासाठी. साइड स्टँड वर. गाडी गिअरमध्ये. पेट्रोलचा कॉक बंद. पट्ट्याचे लोंबते टोक गुंडाळून बांधलेले.

प्रत्येक पट्ट्याला एक शिवलेली चिठ्ठी असते. तिच्यावर दोन आकडे असतात. एक पट्टा तुटेल तो भार आणि दुसरा रोज वापरताना द्यायचा भार. हा दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि हिशेब त्याचाच धरायचा. चिठ्ठी वाचता येत नसेल, कड विरली असेल, तर पट्टा टाकून द्यायचा.

आणखी एक गोष्ट आम्हाला नवीन होती. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन पुढच्या जोडदांड्यावर यावे लागते. मोटरसायकल चाकांच्या मागे असते. ती आणखी मागे सरकली की पुढचे वजन हलके होते आणि ट्रेलर वेगात शेपूट हलवावे तसा डुलू लागतो. म्हणून गाडी बांधायची ती केवळ पडू नये म्हणून नव्हे, जिथे ठेवली तिथेच राहावी म्हणून. आपल्याकडे टेम्पोत मोटरसायकल साइड स्टँडवर उभी करून, पोत्याचा आधार देऊन एकाच दोराने आवळतात. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. रेल्वेच्या पार्सलने गाडी पाठवताना मात्र टाकीतले पेट्रोल काढून टाकायला सांगतात. तेव्हा आम्ही त्यावर कुरकुर करत असू. आता करणार नाही.

मटण बर्फाच्या पेटीत गेले. गॅस बंदच राहिला. जोहरची नमाज आम्ही त्या आवाराच्या कडेलाच पढलो, सफरीतली कस्र, दोन रकअत. रत्नागिरीत किब्ला पश्चिमेला. इथून तो उत्तर आणि ईशान्य यांच्या मधे येतो, पृथ्वीच्या गोलाईमुळे. सजद्यात कपाळ टेकले तेव्हा उठावेसेच वाटेना. तिथून निघालो, वीस मैलांवर मुलगा थांबला, पट्टे पाहिले. या वेळी आम्हीही उतरलो होतो.

क्वार्टझसाइटला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. माळावर जिकडे तिकडे फिरती घरे आणि त्यांच्यासमोर खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी जोडपी. शेजारच्या घरातल्या एका आजोबांनी आपणहून येऊन ट्रेलर समतल करायला लाकडी ठोकळे दिले. रात्री नातवाला त्याच्या लाडक्या पलंगावर निजू दिले नाही. मागच्या भागाची दारे-खिडक्या उघड्या ठेवून तो रिकामा सोडला. मोटरसायकल बाहेर, साखळीने बांधलेली. नातू आमच्या दोघांच्या मधे निजला. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत आम्ही कितीतरी वेळ जागे होतो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर गावाच्या कबरस्तानात गेलो. तिथे रंगीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ॲरिझोनाच्या महामार्ग खात्याने १९३५ मध्ये हे स्मारक उभारले. खाली विसावलेल्या माणसाला इथले लोक ‘हाय जॉली’ म्हणतात. ‘हाजी अली’ हे नाव त्यांच्या जिभेवर असे झाले.

त्याची गोष्ट अशी. वाळवंटी प्रदेशात सामान वाहायला उंट वापरून पाहावेत, असे अमेरिकी सैन्याच्या मनात आले. १८५६ मध्ये उंटांचे पहिले जहाज टेक्सासच्या किनाऱ्याला लागले. पुढच्या वर्षी दुसरे आले. दोन्ही मिळून ७० हून अधिक उंट. पण खेचरांवर ओझी लादणाऱ्या तिथल्या माणसांना उंटाच्या पाठीवर ओझे बांधता येईना. म्हणून उंटांबरोबर त्यांना ओळखणारी माणसेही आणली होती. त्यांतला एक हाजी अली, मूळ सीरियाकडचा, जन्म सुमारे १८२८ चा. १८५७ मध्ये एडवर्ड बील यांच्या तुकडीने न्यू मेक्सिकोकडून कोलोरॅडो नदीपर्यंत रस्ता आखला, त्यात हे उंट चालले. पुढे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि उंटांचा बेत मागे पडला. काही विकले गेले, काही वाळवंटात मोकळे सोडले गेले. हाजी अली इथेच राहिला. १८८० मध्ये नागरिकत्व घेताना त्याने फिलिप टेड्रो हे नाव लावले. डिसेंबर १९०२ मध्ये क्वार्टझसाइटला त्याचा इंतकाल झाला. इतक्या दूर, एकटा मुसाफिर. त्याच्या दिलाचा हिशेब अल्लाहपाशी. आम्ही त्याच्यासाठी मग्फिरतीची दुआ मागितली.

नातवाने विचारले, ‘‘दादी, उंटावर सामान बांधणं इतकं अवघड असतं?’’ मुलगाच उत्तरला, ‘‘दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे. नाहीतर सरकतं.’’ एवढे बोलून तो गप्प झाला. आम्हीही.

तिर्मिजी शरीफमधली ती हदीस आम्हाला लहानपणापासून पाठ. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले की, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? त्यांनी सांगितले की, आधी बांध, मग तवक्कुल कर. मुलांना ही हदीस आम्हीच शिकवली. बांधणे आणि भरवसा ठेवणे या एकामागून एक करायच्या दोन गोष्टी, असा आमचा समज होता. एकदा बांधले की आपले काम संपले, पुढचे अल्लाहचे. टोनोपाच्या त्या आवारात उमगले की बांधलेले परत पाहणे हाही बांधण्याचाच भाग आहे. आणि घाईला, आळसाला, वडीलकीच्या तोऱ्याला आपण कधी कधी तवक्कुलचे नाव देतो. मुलगा थांबत होता, त्याचा भरवसा कमी नव्हता. अडवणारे आम्ही, आमचा भरवसा जास्त नव्हता.

आईबापाचा शब्द राखावा हे आपण मुलांना शिकवतो, शिकवलेच पाहिजे. पण मुलगा एखाद्या कामात आपल्याहून जाणता झाला असेल, तर त्या कामात त्याचा शब्द ऐकणे हे आईबापांना कोण शिकवणार? त्या पन्नास मैलांत अल्लाहने आमच्या चुकीवर पांघरूण घातले. अलहम्दुलिल्लाह. प्रत्येक वेळी असे होईल, हे धरून चालण्याचा हक्क मात्र आम्हाला नाही.

सोमवारी परत निघालो. टाकीतले पेट्रोल वापरून संपत आलेले, फ्रिज बंद, मटण केव्हाच संपलेले. बांधून झाल्यावर मुलाने टॉर्च आमच्या हातात दिली. ‘‘अब्बा, अम्मी, तुम्ही एकदा बघून घ्या.’’ आम्ही चारही पट्टे, चारही हूक, दोन्ही फास हाताने चाचपून पाहिले. मग सगळ्यांनी मिळून सफरीची दुआ पढली. वीस मैलांवर गाडी हळू झाली, तेव्हा मुलाने काही म्हणण्याआधीच आम्ही दाराच्या खिटीवर हात ठेवला होता.